म्हशींच्या हौदावर चालणारा कॉम्प्युटर

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं माझं काम न्हावरे गावातल्या आमच्या घरी, पत्र्याच्या खोलीत चालतं. यंदा उन्हाळा लागला तसा कॉम्प्युटर भर दुपारी तापून आपोआप बंद पडायला लागला. झालेलं काम वाया, पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्याचं म्हणणं, शिरूरला एसीचा गाळा घेऊ. मला रोजचा तो प्रवास नको होता. शेवटी आमचं ठरलं: केडगावच्या लग्नाची फिल्म रविवारी द्यायची होती, ती याच खोलीतून वेळेत गेली तर मी इथंच बसणार. नाहीतर सोमवारी गाळा बघायला जायचं.

प्रोसेसरला पाण्यानं थंड करता येतं, हे मी बरेच दिवस वाचत होते. यादी केली आणि शिरूर गाठलं. भंगारातून तांब्याची जाड पट्टी, पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा, ठिबकच्या दुकानातून बारीक नळी आणि जोड, शिवाय फवारणीच्या बॅटरी पंपाची छोटी मोटर. मोटर कोरी करकरीत घेतली. वापरलेलीत औषध असतं आणि मला पाणी म्हशींच्या हौदातलं घ्यायचं होतं. वर्कशॉपवाल्यानं तांब्यात चर पाडताना विचारलं, कुठल्या मशिनचा पार्ट आहे. कॉम्प्युटरचा, म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा पट्टीकडं पाहिलं आणि चहा सांगितला.

घरी येऊन तांबं आरशासारखं घासलं. चरांवर रबराची चकती, तिच्यावर ॲक्रिलिकचं झाकण, चारी कोपऱ्यांना स्क्रू, की पाणी खेळवायचा ब्लॉक तयार. आधी नुसत्या ब्लॉकमधून पाणी सोडून पाहिलं. खाली पसरलेला पेपर कोरडाच राहिला, तेव्हा मी एकटीच हसत होते. मग ब्लॉक प्रोसेसरवर बसवला आणि दोन्ही नळ्या खिडकीतून बाहेरच्या हौदात सोडल्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून परत. सासूबाई धार काढायचं सोडून बघायला आल्या.

"म्हशींच्या पाण्यात करंट सोडलास व्हय गं?"

पाण्यात फक्त नळी आहे, मोटर खोलीत आहे, हे त्यांना हात बुडवून दाखवावं लागलं.

कॉम्प्युटर सुरू केला. नव्वदीपार जाणारा तापमानाचा आकडा साठीच्या आत थांबला आणि तिथंच राहिला. बाहेर पत्रा तडतडत होता, आत फिल्म सरसर पुढं चालली होती. मी त्या आकड्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा भाग तयार होत असताना मोटरचा आवाज बदलला. कोरडी घरघर झाली आणि पडदा काळा. बाहेर धावले. दोन्ही म्हशी हौदावर, हनुवट्यांवरून पाणी ठिबकतंय आणि नळीचं तोंड हवेत लोंबतंय. तळाची वैरण आत जाऊ नये म्हणून नळी मीच वर बांधली होती. म्हशी संध्याकाळी पाणी पितात, हे रोज डोळ्यांनी बघत असूनही डोक्यात आलं नव्हतं.

नवरा दाराला टेकून उभा. "मग? सोमवारी किती वाजता निघायचं?"

"आधी टाकीवरचा जुना बॉलकॉक काढून द्या."

त्यानं तो खरंच काढला, धुतला आणि हौदाला बसवूनही दिला. आता म्हशी कितीही प्यायल्या तरी पाणी आपोआप भरायला लागलं. मी फिल्म पुन्हा लावली. रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन केडगावला तोच गेला. जाताना गाळ्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

सासूबाई मात्र हौदात परत येणाऱ्या पाण्याखाली हात धरून बराच वेळ उभ्या होत्या.

"कोमट येतंय गं. थंडीत बी चालूच ठेव. म्हशी दूध वाढवतील."