आव्यावरचं पाणी

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आमच्या गुंजवणे गावच्या खाचरांत भाजलेल्या राबाची राख उडत होती आणि धुळीत पेरलेलं भात मुंग्या नेत होत्या. गावाला कारण सापडलं: कुंभाराने पाऊस बांधला. आव्यात मडकी भाजायला कोरडे दिवस हवेत, म्हणून त्याने कुठेतरी मडकं उपडं पुरलंय.

मी भोरच्या शाळेत शिकत होतो आणि हाती येईल ते पत्रक पाठ करत होतो. एका पत्रकात वाचलेलं मी देवळापुढे सांगितलं. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेली जमीन समुद्रावरचा ओला वारा ओढते, तो आपल्या डोंगरांना अडतो आणि पाऊस पडतो. यंदा वारा उशिरा निघालाय. मडक्याचा संबंध नाही.

पाटील म्हणाले, "तू बगितलायस का समुद्र?"

"नाही."

"आन् आवा?"

"रोज बघतो."

"मग दिसतंय ते सोडून न दिसणाऱ्याचं कशाला सांगतुयास?"

सगळे हसले.

पावसाळ्यात मडकी वाळत नाहीत. कुंभाराचं चार महिन्यांचं पोट त्या एका आव्यात होतं. आवा पेटला त्याच दुपारी गाव तिकडे गेलं. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, बाया वाटीवाटीने हंडे भरत. तेच हंडे जळत्या आव्यावर ओतले. मी आडवा आलो, तर सख्ख्या चुलत्याने मला दंड धरून बाजूला केलं. आतली मडकी बराच वेळ तडकत राहिली. संध्याकाळी घरोघरी प्यायला पाणी नव्हतं, आणि कुणाची तक्रार नव्हती. अज्ञानापेक्षा ते समाधान मला जास्त भयंकर वाटलं.

आठवड्याभरात पाऊस आला. गाव म्हणालं, सुटला.

कुंभार भिजत ठिकऱ्या वेचत होता. मी म्हणालो, "कुंभारबाबा, हा वारा समुद्रावरून आधीच निघाला होता. आवा विझवला नसता तरी पाऊस आला असता."

त्याने हातातली ठिकरी बाजूला ठेवली. "म्या काय बी पुरलं न्हाई. पर दरसाली आवा लावताना मनात म्हनतो, आज नगं येऊ रं. ते ऐकलं असंल का त्यानं?"

"नाही," मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

पुन्हा त्याने आवा लावला नाही. पुढच्या वर्षी गावाने मडकी भोरच्या बाजारातून आणली. त्या वर्षीही पाऊस उशिरा आला, आणि देवळापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघालं.