सुकाणूला हात लावायचा नाही

कोल्हापुरात शिडाची बोट म्हटलं की लोक आधी हसतात. मी कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस, पण धरणाच्या फुगवट्यावर माझी एक जुनी, दोन माणसांची बोट आहे. तिचं सुकाणू मोडलं आणि नवं आबांनी केलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. आबा सुतार. शाहूवाडीकडच्या गावांतून बैलगाड्या केल्या. करवतीनं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलं तरी थांबले नाहीत. गाड्याच संपल्या तेव्हा थांबले. कित्येक वर्षांनी त्यांनी रंधा हातात घेतला आणि सागवानाचं पातं असं काही उतरवलं की बघत राहावं.

रंगाचं मात्र मी बघणार होतो. आबांचं एकच म्हणणं, "तेल पाज. लाकूड तेलावर जगतंय." मी ऐकतोय कुठला! रंगाची दुकानं पालथी घातली. साधा ऑइल पेंट पाण्यात सोलून निघतो, नुसतं वॉर्निश उन्हात तडकतं. शेवटी ठरलं, आधी पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचे तीन हात, वरून ऊन सोसणारा पांढरा पॉलियुरेथेन रंग. पण लाकडाला तेल लागलं तर इपॉक्सी धरत नाही. म्हणून आबांना बजावलं, "आता सुकाणूला हात लावायचा नाही." ते "बरं" म्हणाले.

आठवडाभर ते लाकूड वाळायला पडवीत उभं होतं. कामावरून आलो की चपला काढायच्या आधी मी त्याच्यापाशी थांबायचो.

रंग झकास चढला. बोटीला लावण्याआधी परीक्षा म्हणून दोन दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. शनिवारी बाहेर काढलं, तर पात्याच्या मधोमध फोड आले होते. नखानं टोकरलं तर इपॉक्सीसकट पापुद्रा हातात आला. माझा विश्वासच बसेना. मग डोकं सणकलं.

"आबा! तेल लावलंसा न्हवं?"

"न्हाय बा."

"मग ह्ये काय हाय? एवढं सांगून? जित्याची खोड..."

पुढचं मी गिळलं, पण ते त्यांना ऐकू गेलं. आई चहा घेऊन दारातच थांबली.

आबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, आणि आपला उजवा हात त्या फोडांच्या वर, न टेकवता, धरला. तेव्हा मला दिसलं. फोड कसेही उठले नव्हते. तो तळवा होता आणि पाच बोटं. मधलं बोट शेंड्यापर्यंत पूर्ण.

मी माझा हात ठेवला. बरोब्बर बसला. दिवसभर मशीनच्या तेलात बुडालेला, साबणानं धुतला तरी वास न जाणारा हात. आठवडाभर रोज मीच त्या एका गोलाईवर तो टेकवून उभा राहत होतो, आबांचं काम म्हणून, कौतुकानं. आबांनी शब्द पाळला होता. त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी हात मागं घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"समदं घासून काढाय पायजे," आबा म्हणाले. खाली बसून त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा उचलला, आणि तसेच थांबून माझ्याकडे बघितलं.

"आता लावू का हात?"