वाटीभर साखर

खालच्या मजल्यावरची ती मला मावशी म्हणते. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या पार्सिपनीचा, तरी मराठी बोलते. चार वर्षांची मुलगी एकटीने सांभाळून कॉलेजात पुढचं मोठं शिक्षण घेते. साखर मागायला आली की एक बूट काढते, दुसरा पायातच ठेवते. बस म्हटलं तर "घाई आहे, मावशी" म्हणत उभ्यानेच चहा पिते. दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत आणते.

मागच्या महिन्यात तिचं सरकारी मदतीचं, किराण्याचं कार्ड बंद झालं. शिक्षणासाठी घेतलेलं लोन बँकेत जमा झालं आणि कार्डाच्या ऑफिसने ते तिची कमाई म्हणून धरलं. पोरीच्या दुधाचीसुद्धा पंचाईत झाली. ती ऑफिसात निघाली तेव्हा पोरीला सांभाळायला मी सोबत गेले.

खिडकीतल्या बाई सारखं "इन्कम, इन्कम" म्हणत होत्या. ही आवाज न चढवता इंग्रजीत बोलली, मग माझ्याकडे वळली. "मी यांना विचारलं, मावशींकडून वाटीभर साखर आणते आणि परत देते, तर ती माझी कमाई का?"

मी परक्यांत तोंड उघडत नाही. पण माझ्या तोंडून "नो" इतक्या मोठ्याने निघालं की अख्खी रांग वळली.

बाई हसल्या, आत विचारून आल्या. हे लोन कमाईत धरायचंच नव्हतं. कार्ड चालू झालं.

संध्याकाळी ती साखरेचा पुडा घेऊन आली. दोन्ही बूट काढून ऐसपैस बसली.

"करा चहा, मावशी. आज साखर माझी."