कंपनी येणार

सोलापुरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला कुणी बक्षीस द्यायचे ठरवले असते, तर ते आमच्या आतोबांनाच मिळाले असते, आणि ते घ्यायला आतोबा भीतीने गेले नसते. कुत्रा, विजेचे बटण, डॉक्टर, दारात थांबलेला पोस्टमन, सगळ्यांची त्यांना सारखीच धास्ती. पण मी कॉलेजात असताना हे सगळे मागे पडले, कारण त्यांना एका खेळण्यांच्या कंपनीची भीती बसली. ही कंपनी साता समुद्रांपलीकडे होती. तिचा माल निम्म्या जगात जाई. सोलापूर नावाचे गाव पृथ्वीवर आहे, हे तिला बहुधा ठाऊकही नसावे.

आतोबा चिंध्यांच्या बाहुल्या करत. मागावरच्या चादरींची कातरण घट्ट गुंडाळायची, वरून लुगडे शिवून टाकायचे, दोऱ्याने नाकडोळे काढायचे आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत पाल ठोकून विकायच्या. आत्याची आणि त्यांची वर्षाची ज्वारी त्या जत्रेवरच अवलंबून असे. एकदा गल्लीतल्या डॉक्टरांच्या मुलीला परदेशातून त्याच कंपनीची बाहुली आली. ती आतोबांनी ‘अभ्यासाला’ म्हणून मागून आणली. आडवी केली की ती डोळे मिटी, उभी केली की उघडी. आतोबा दचकून भिंतीला टेकले. “बघतीया की गं माझ्याकडं!” पुढचा सगळा अभ्यास तिच्या तोंडावर टॉवेल टाकून झाला.

त्या कंपनीवरचा एक लेख वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात होता. तो मी त्यांना मराठीत सांगितला. कुठे कुठे कारखाने, कोणकोणत्या देशांत दुकाने, हे ऐकताना ते भर दुपारी चादर गळ्यापर्यंत ओढून घेत. मध्येच त्यांनी विचारले, “त्यांचा मालक पोरांत बसतो का गं?” लेखात तसे काही नव्हते. मग ते बराच वेळ त्या बाहुलीचा फ्रॉक चढवत-उतरवत बसले, आणि त्यांचा चेहराच उतरला. “बाहुली नुसतं आमिष हाय. ती एकदाच घेत्यात. पण आज फ्रॉक, उद्या बूट, परवा पलंग... खरा धंदा तितं हाय! आणि आपण लुगडं अंगावरच शिवून टाकलंय. कंपनी येणार. बुडालो!”

त्या वर्षी त्यांनी बाहुल्यांना लुगडी शिवली नाहीत, नुसती नेसवली, आणि जादा लुगडी निराळी विकायला मांडली. पहिल्या दिवशी झुंबड उडाली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गोरा पाहुणा पालापाशी थांबला, तेव्हा मात्र आतोबांनी सगळ्या बाहुल्यांवर चादर टाकली. “हेर हाय!”

“अहो, गिऱ्हाईक हाय ते!” आत्या ओरडली. तोवर तो पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मुलगी रडत आली. तिच्या ओंजळीत नुसती कातरण होती. “आजोबा, लुगडं बदलायला सोडलं, तर बाहुली संपलीच!”

खरेच होते. आतोबांच्या बाहुलीला निराळे अंगच नव्हते. लुगड्याच्या टाक्यांनीच ती इतकी वर्षे धरून ठेवली होती. त्या मुलीच्या मागून आणखी मुली आल्या, आणखी ओंजळी. आतोबांचे ओठ पांढरे पडले. आत्याने कपाळावर हात मारला. “कंपनीची वाट कशाला बघताय? तुमीच बुडवलं की दुकान!”

मग उरलेली जत्रा आतोबा पालात बसून एकेक बाहुली पुन्हा गुंडाळत, शिवत राहिले. मुली त्यांना खेटून बसल्या. “आजोबा, डोळे मोठे काढा.” “हिला नथ पाहिजे.” एकीने तर बाहुलीला दोऱ्याने चष्मा काढायला लावला. हा घोळका बघून नव्या मुली आईला ओढत आणू लागल्या, आणि दुकान तरले. मालक पोरांत बसला होता, पण हे त्याच्या ध्यानात आले नाही. पाल उतरवताना ते कुजबुजले, “औंदा वाचलो. पण ती येणार.”

कंपनी आली नाही. आतोबा गेले, त्याला अजून महिना व्हायचा आहे. त्यांनी मला दिलेली बाहुली टेबलावर आहे. तिच्या कमरेचा टाका उसवला आहे. सुईदोरा घेऊन मी रोज तिच्यासमोर बसते आणि लुगड्याला हात लावायला भिते. आतोबांची एवढी मोठी भीती, जाणार तरी कुठे?