नऊ तास दहा मिनिटं

तिला सगळे तिकीटताई म्हणत. बाजारातल्या एका जिन्याखालच्या ऑफिसात ती बावीस वर्षं लोकांना विमानाची तिकिटं काढून देत होती. कुठून कुठे किती तास, मध्ये कुठे उतरायचं, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं.

धाकटा भाऊ राहायचा तिथला विमानतळ सात हजार दोनशे किलोमीटरवर. इथून जाताना दहा तास. तिथून येताना वारा मागून, म्हणून नऊ तास दहा मिनिटं. तरी भाऊ सहा वर्षांत फिरकला नव्हता. आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही फोनवर म्हणाला, "ताई, लांब आहे गं. जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतात." तिनं ते गिळलं. आईला सांगितलं, त्याला रजा नाही.

वर्षभरानं ऐन कामाच्या वेळी त्याचाच फोन आला. "ताई, सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचाय. जरा विमान बघ ना."

तिनं बघितलं. "चौदा तास लागतील. मध्ये विमान बदलावं लागेल."

"चालेल की! झोपेत निघून जातात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आईकडे यायला नऊ तास, ते तुला जड होतात? आणि हे चौदा झोपेत जातात?" तिनं फोन आपटला. समोरचं गिऱ्हाईक चाचरत म्हणालं, "मी उद्या येऊ का?"

"बसा हो. तुमचं काय चुकलंय?"

त्याच दुपारी तिनं स्वतःची आणि आईची तिकिटं काढली. व्हिसा यायला तीन आठवडे लागले. राग तेवढ्यात निवला नाही. आई म्हणत राहिली, "त्याला कळव तरी."

"कळवलं तर नेमकं तेव्हाच त्याला कुठंतरी जायचं असेल."

भावानं दार उघडलं आणि जागीच थिजला. "आई? ताई, अगं, कळवायचं तरी!"

"दहा तास लागले. वारा समोरून होता. तुला तर तो मागून मिळतो मेल्या!"

भाऊ रडायला लागला. आई त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलास रे!" तो चांगला गरगरीत झाला होता. आता तिला आईचाही राग आला.

चौथ्या दिवशी ती बॅग भरून म्हणाली, "आई दोन महिने राहील. तिला आणून सोडायचं तू. तुझं तिकीट काढलंय."

"अगं, पण रजा..."

"समुद्राची आहे ना? तीच घे."

भाऊ आईला घेऊन आला, चार दिवस राहिला. चारही दिवस ती कामावर गेली. शेवटच्या दिवशी तो ऑफिसात येऊन समोर बसला. "ताई, बोल ना काहीतरी."

"कुठलं तिकीट हवंय?"

"इथलंच. पुढच्या वर्षीचं."

तिचा राग गेला नव्हता. पण तारीख मात्र तिनं लगेच विचारून घेतली.