आंघोळीसाठी योग्य

"सरकारनंच आंघोळ करा म्हणून लिवलंय. मग साबण का नको?"

कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले एक आजोबा हसीनामावशींना विचारत होते. मावशींची डोहाच्या काठावर चहा-भज्यांची टपरी आहे. मी मागे, सॅम्पलची बाटली धरून. सरकारी प्रयोगशाळेत मी पाणी तपासते.

भाजे गावाच्या पुढचा हा डोह. ओढ्यात वरच्या एका रिसॉर्टचं सांडपाणी येत होतं, म्हणून आमच्या खात्यानं डोह बंद केला होता. नोटिसा देऊन तो पाइप काढायला लावला. पाणी सुधारलं. डोह पुन्हा सगळ्यांना खुला झाला आणि बोर्ड लागला: 'हे पाणी आंघोळीसाठी योग्य आहे.'

आमच्या नियमांत पाण्याचा एक दर्जा असतो, 'आउटडोअर बाथिंग'. म्हणजे माणूस पाण्यात उतरला, थोडं तोंडात गेलं, तरी आजारी पडू नये. कुणीतरी त्याचं शब्दशः मराठी केलं. लोकांनी ते शब्दशः पाळलं. काठावर साबणाच्या वड्या, शाम्पूच्या पुड्या. एकजण तर घरून तांब्या घेऊन आला होता.

"लोकं नुसती डुंबाया यायची," मावशी म्हणाल्या. "आता बादल्या घिऊन येत्यात. परत बंद करताय का काय, ताई?"

मी वाकून बाटली भरून घेतली. भीती मलाही तीच होती. साबणानं बीओडी वाढतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं माप. ते हद्दीबाहेर गेलं की डोह बंद, आणि टपरीही. त्या दिवशीचं सॅम्पल जेमतेम पास झालं.

ऑफिसात मीटिंग झाली. 'पोहण्यासाठी' लिहू, असं एकानं सुचवलं. साहेब म्हणाले, कोणी बुडालं तर सरकारनंच पोहायला बोलावलं म्हणतील.

आता तिथे 'डुंबण्यासाठी योग्य' असा बोर्ड आहे. तांब्या-बादल्या गेल्या. पुढचं सॅम्पल आरामात पास झालं, तेव्हा मी टपरीवर बसून सावकाश चहा प्यायले. भाषांतर टेबलावर करावं, पण काठावर उभं राहून एकदा वाचावं, इतकं कळलं.

मीटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी 'डुंबण्यासाठी' हा शब्दही मी पुटपुटलेच होते. साहेबांना मात्र ऐकू गेला.

"डुंबतात त्या म्हशी, मॅडम."

सगळे हसले. माझे कान तापले.

"हो सर," मी म्हणाले. "पण म्हशी साबण लावत नाहीत."