हलका टीव्ही

कऱ्हाडच्या दुकानात शालूबाईंनी टीव्हीचं चित्र पाहिलं नाही की आवाज ऐकला नाही. एकेक टीव्ही त्या दोन्ही हातांनी उचलून बघत होत्या. दुकानदार बुचकळ्यात पडला. सगळ्यात हलका कुठला, एवढंच त्यांनी विचारलं.

शालूबाई कोयनानगरच्या. सदुसष्ट सालचा भूकंप झाला तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. पहाटे घर हललं, भिंतीवरची भांड्यांची मांडणी सुटली आणि खाली निजलेली धाकटी बहीण हरणा तिच्याखाली सापडून गेली. त्यानंतर शालूबाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कधी काही टांगलं नाही. डबे, ताटं, सगळं जमिनीवर. कारण फक्त नवऱ्याला माहीत होतं. अंकिताला, एकुलत्या एका लेकीला, त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

नवरा वारला आणि घर गप्प झालं. भाकरी थापता थापता शालूबाई हात थांबवून जमिनीचा कानोसा घ्यायच्या. धक्क्याआधी जमिनीच्या पोटात गुरगुरतं, ते त्यांना ओळखू येई. रस्त्यानं ट्रक गेला तरी त्या दारात जाऊन उभ्या राहत. एकदा अशातच भाकरी जळून घरभर धूर झाला. अंकिता साताऱ्याला नर्स होती, सुट्टीला आली होती. आईला स्वयंपाकघरात काहीतरी बोलणारं सोबतीला हवं, असं तिनं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कऱ्हाड गाठलं.

स्वयंपाकघरात खाली जागा उरली नव्हती, म्हणून टीव्ही भिंतीवर बसवायला पाटणहून लालासाहेब आला. त्यानं गॅसच्या वरची जागा दाखवली, शालूबाई नको म्हणाल्या. दारावरची दाखवली, तीही नको. शेवटी, जिच्याखाली कुणी बसणार नाही अशी कोपऱ्यातली भिंत ठरली. ड्रिल सुरू झालं तशी भिंत थरथरली, भांडी खुळखुळली, आणि शालूबाई अनवाणीच अंगणात पळाल्या. अंकिता मागं आली तेव्हा त्या तुळशीपाशी बसल्या होत्या.

"हरणा तीन वर्सांची हुती," त्या म्हणाल्या. "मी तिच्या शेजारीच निजले हुते. मला खरचटलंबी न्हाई."

अंकिता तिथंच मातीत त्यांच्याजवळ बसली.

लालासाहेबानं दारातून ऐकलं होतं. त्यानं आणखी दोन बोल्ट मारले आणि घरातलं तांदळाचं पोतं उचलून ब्रॅकेटला टांगलं. चहा होईपर्यंत ते तसंच ठेवलं.

"मावशी, ह्या पोत्याफुडं टीव्ही म्हंजे काईच न्हाई," तो म्हणाला. मग टीव्ही चढवला.

पंधरा दिवसांनी दुपारी मालिका लागली होती. शालूबाई पीठ मळत होत्या. गुरगुर त्यांच्या कानावर आलीच नाही. आधी तांब्यातलं पाणी थरथरलं, मग त्यांनी वर पाहिलं तर टीव्ही हलत होता. कसाबसा गॅस बंद करून त्या पिठाच्या हातांनी बाहेर पडल्या. शेजारच्या बनुबाईही अंगणात आल्या होत्या. तोवर धक्का थांबलाही होता.

तासभर शालूबाई आत जाईनात. शेवटी बनुबाई पुढं झाल्या. टीव्ही जागेवर होता, सुरूच होता. बनुबाईंनी ब्रॅकेट हातानं ओढून पाहिलं.

संध्याकाळी शालूबाईंनी लेकीला फोन केला. "धक्का आला. मला आयकूच आला न्हाई बघ."

अंकितानं विचारलं, टीव्ही काढून टाकायचा का? शालूबाई राहू दे म्हणाल्या.

भीती काही गेली नाही. टीव्ही लावताना आजही त्या आधी मागचं दार सताड उघडतात आणि बनुबाईंना हाक मारतात. बनुबाई नीट बघतात, शालूबाईंचं अर्धं ध्यान जमिनीकडं. मालिकेतलं जे सुटतं, ते बनुबाई मग चहा पिता पिता त्यांना सांगतात.